झरिया-धनबादचे कोळसा कामगार: चार फलकांचा मजकूर तपासून हवा (१ मेचं प्रदर्शन, कोपरखैरणे)

तलावपाळी

कोपरखैरण्यात माथाडी कुटुंबांतल्या मुलांची एक अभ्यासिका आहे. तिथे १ मेला छोटं प्रदर्शन लावायचं आहे. चार फलक, प्रत्येकी ३ बाय २ फूट, एका फलकावर फार तर १०० शब्द. विषय झारखंडमधल्या झरिया-धनबादचे कोळसा कामगार. मुलं आठवी ते बारावीची, घरात मुकादम, टोळी, लेव्ही (मजुरीवर व्यापाऱ्यानं भरायची जादा रक्कम) हे शब्द रोजचे. मसुदा असा आहे:

फलक १: "१७७४ पासून झरियात कोळसा काढला जातो. सरदार मजूर आणायचा आणि त्यांच्या मजुरीतून वाटा कापायचा. मजुरी टबावर मिळायची."

फलक २: "१९२९ मध्ये स्त्रियांना भूगर्भातल्या कामाची बंदी झाली आणि त्यांची या नरकातून सुटका झाली."

फलक ३: "१ मे १९७२ रोजी देशातल्या सर्व कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. ठेकेदारी संपली."

फलक ४: "खासगी मालकांच्या हलगर्जीमुळे झरियात धोरी (१९६५) आणि चासनाला (१९७५) या दुर्घटना घडल्या."

चुका दाखवा. टबाची मजुरी मुलांना कशी समजावायची तेही सांगा. आणि महाराष्ट्राशी काही धागा जुळत असेल तर हवाच आहे.

---

दामोदरकाठ

चारही फलकांत दुरुस्ती आहे. तिसऱ्यात सगळ्यात जास्त.

१७७४ हे साल राणीगंजचं. समनर आणि हीटली यांना कंपनी सरकारनं परवानगी दिली ती आजच्या पश्चिम बंगालमधल्या पट्ट्यात. राणीगंजला रेल्वे १८५५ सालीच पोचली. झरियाला रूळ पोचले १८९० च्या दशकात आणि तिथला कोळसा खऱ्या अर्थानं बाजारात आला तो तेव्हापासून. या चाळीस वर्षांच्या अंतरानं दोन पट्ट्यांतलं मजुरीचं गणितच वेगळं केलं. राणीगंज-गिरिडीहकडे कंपन्यांनी जमिनी हातात घेतल्या, कुळाला तुकडा दिला आणि भाड्याऐवजी ठरावीक दिवस खाणीत काम करून घेतलं. झरियात छोट्या पट्टेदारांची, म्हणजे खाणीची जागा भाडेपट्ट्यानं घेणाऱ्यांची गर्दी. पट्टा मुदतीचा, रॉयल्टी टनावर. मजूर बांधून ठेवायला त्यांच्या हाती जमीन नव्हती. म्हणून गावोगाव जाऊन उचल देऊन माणसं आणणारा सरदार तिथे एवढा मोठा झाला.

'सरदार' शब्दाशेजारी कंस टाकून 'टोळी आणणारा' असं लिहाच. कारण खाणीत 'मायनिंग सरदार' नावाचं वेगळं पद आहे, आजही आहे. तो परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेतलेला सुरक्षा कर्मचारी. पाळी सुरू होण्याआधी छत ठोकून आवाज ऐकणं, वायू तपासणं, टेकू बघणं हे त्याचं काम. दोघांची गल्लत झाली तर प्रामाणिक माणूस खलनायक ठरतो.

आता टब. टब म्हणजे रुळांवरून ढकलायची लोखंडी डबागाडी. मलकट्टा कुदळीनं कोळसा फोडायचा, कामीन, म्हणजे बहुतेक वेळा त्याचीच बायको, टोपलीनं टब भरायची. पैसे भरलेल्या टबांचे. ऐकायला सरळ वाटतं, पण मार पाच-सहा ठिकाणी बसायचा. टब कागदावरच्या मापापेक्षा मोठा असायचा. काठापर्यंत भरला नाही म्हणून मुंशी (नोंद ठेवणारा कारकून) तो कमी धरायचा. दगड दिसला की अख्खा टब बाद. वर रेल्वेच्या वॅगन आल्या नाहीत की कोळसा वरच साठायचा, रिकामे टब खाली यायचे नाहीत आणि मजूर पाळीभर बसून राहायचा. त्या वेळेचे पैसे शून्य. तोंडाजवळ, म्हणजे जिथे कोळसा फुटतो तिथे, टब ढकलत नेण्याचे पैसेही बहुधा नसायचेच. यातून जे उरेल त्यावर सरदाराचं टबामागे कमिशन, आणि पगाराच्या खिडकीबाहेर सावकार उभा.

मुलांना समजवायचं असेल तर एक रिकामा खोका आणि दोन टोपल्या ठेवा. दहा टोपल्या मावतात असं सांगा आणि बारा मावतील असा खोका घ्या. भाषणाची गरज पडणार नाही.

एक सूचना. तिकडे आठवड्याच्या पगाराला 'हप्ता' म्हणतात. जुन्या मजकुरातून 'हप्ता घ्यायला रांग' असं काही उचललंत तर आपल्याकडे भलताच अर्थ लागेल.

फलक २. १९२९ चे नियम एका दिवसात बंदी घालणारे नव्हते. भूगर्भातल्या बायकांचं प्रमाण दरवर्षी थोडं कमी करत १९३९ पर्यंत शून्यावर आणायचं असं ठरलं होतं. प्रत्यक्षात १९३७ मध्येच पूर्ण बंदी आली. मग युद्धात कोळसा कमी पडला आणि १९४३ मध्ये सरकारनं ती उठवली. १९४६ मध्ये परत घातली. म्हणजे ज्या सरकारला बायकांची काळजी होती त्याला गरज पडली तेव्हा तीन वर्षं ती विसरता आली. 'सुटका' हा शब्द काढाच. टबाचे पैसे जोडप्याला मिळत होते. बाई वर आली की नवऱ्याला दुसरा भरणारा शोधून त्याला वाटा द्यावा लागे आणि घरात येणारी रक्कम खाली येई. बंदीच्या बदल्यात टबाचा दर त्या प्रमाणात वाढला नाही, दुखणं तिथे होतं. बंदी योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. १९५२ च्या खाण कायद्यातल्या कलम ४६ नं बंदी कायम ठेवली. जानेवारी २०१९ मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी ती सैल झाली.

फलक ४. धोरी झरियात नाही, बोकारो कोळसा क्षेत्रात. २८ मे १९६५, कोळशाच्या धुळीचा स्फोट, २६८ मृत्यू, खाण खासगी. इथपर्यंत तुमचं वाक्य चालेल. चासनाला मात्र झरियातली आणि तारीख २७ डिसेंबर १९७५. तेव्हा राष्ट्रीयीकरण होऊन गेलं होतं. खाण इस्कोची (इंडियन आयर्न अँड स्टील कंपनी) आणि इस्कोचा कारभार १९७२ पासून सरकारच्या हाती. जुन्या, पाण्यानं भरलेल्या खोदकामातलं पाणी मधला कोळसा फोडून आत घुसलं, ३७५ माणसं गेली. ही दुर्घटना खासगी मालकांच्या खात्यावर टाकलीत तर धनबादचा कुठलाही माणूस फलकासमोर थांबून हसेल. धूळ आणि पाणी अशी दोन कारणं शेजारी-शेजारी मांडा. धुळीवर उपाय चुनखडीची पूड फवारण्याचा. पाण्यावर उपाय म्हणजे जुन्या खोदकामाचे अचूक नकाशे, आणि जवळ जाताना पुढे लांब भोकं पाडून चाचपणी. दोन्ही उपाय नियमात होते.

---

वर्धाखोरं

फलक ३ बद्दल. १ मे दोनदा आला, तो घोळ बहुतेक सगळेच करतात.

ऑक्टोबर १९७१ मध्ये वटहुकूम काढून सरकारनं २१४ कोकिंग कोळसा खाणींचा कारभार ताब्यात घेतला. १ मे १९७२ ला त्यांची मालकी सरकारकडे गेली. या बहुतेक झरियातल्या. त्यांच्यासाठी भारत कोकिंग कोल ही कंपनी. उरलेल्या, म्हणजे बिगर-कोकिंग ७११ खाणींचा ताबा जानेवारी १९७३ मध्ये आणि मालकी १ मे १९७३ ला. आपल्या चंद्रपूर, वणी, नागपूरकडच्या खाणी या दुसऱ्या फेरीतल्या, कारण वर्धा खोऱ्यातला कोळसा कोकिंग नाही. तो वीजघरात जळतो, पोलादाच्या भट्टीला चालत नाही. 'सर्व' हा शब्दही चुकीचा. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या खाणी वगळल्या होत्या, त्या आजही झरियात चालू आहेत. कोल इंडिया जन्मली १ नोव्हेंबर १९७५ ला आणि नागपूरची वेस्टर्न कोलफिल्ड्स त्याच पुनर्रचनेत.

दोन फेऱ्या का, हे सांगितलं तर मुलांना राजकारण कळेल. कोकिंग कोळसा देशात थोडा आणि उत्तम प्रतीचा जवळजवळ सगळा झरियात. बोकारोचा पोलाद कारखाना उभा राहत होता. आणि खासगी पट्टेदार वरचा, जाड, सोपा थर ओरबाडून खालचा सोडून देत होते. त्याला तिथे 'स्लॉटर मायनिंग' म्हणतात. भूगर्भात कोळशाचेच खांब छताला आधार म्हणून ठेवतात. ते काढायचे असतील तर रिकाम्या जागेत पाण्याबरोबर वाळू सोडून भरावं लागतं. १९३९ च्या कायद्यानं त्यासाठी उपकर लावून निधीही उभा केला होता. पण वाळू महाग आणि पट्टा संपत आलेला, मग खांब काढून भराव टाळायचा. जमीन खचली, भेगांतून हवा आत गेली, मागे राहिलेला चुरा हवेनं आपोआप तापत पेटला. झरियाची पहिली नोंदलेली आग १९१६ ची, भौरा खाणीतली. काही ठिकाणी अजून जळतंय.

म्हणून १९७१ चा ताबा हा आधी पोलादासाठी होता. कामगारांचं हित त्याच्या मागोमाग आलं. वेतन मंडळाच्या शिफारशी बरेच मालक पाळत नव्हते, भविष्य निर्वाह निधीचे पैसे थकवत होते, हे कारण सरकारनं दिलं आणि ते खरंही होतं. पण नुसत्या मजुरीसाठी वटहुकूम निघाला असता तर तो चांद्यालाही त्याच दिवशी लागू झाला असता.

महाराष्ट्राचा धागा हवा असेल तर वरोरा. सरकारनं १८७१ मध्ये तिथे खाण सुरू केली, १९०६ मध्ये बंद झाली. एक बारीक गोष्ट: विदर्भात 'खदान' म्हणतात. मुलांच्या फलकावर 'खाण' ठीक आहे, पण युनियनचं नाव देताना 'खदान मजदूर' असंच लिहा, त्याचं 'खाण कामगार' करू नका.

---

टोळी क्रमांक

वरचं सगळं बरोबर, पण 'ठेकेदारी संपली' या ओळीला कुणी हात लावला नाही. कोपरखैरण्यात नेमकी तीच ओळ वाचली जाणार आहे.

मुलांना माथाडी कायदा माहीत आहे. १९६९ चा कायदा, मागे अण्णासाहेब पाटलांची चळवळ. त्या कायद्यानं मालक बदलला नाही. व्यापारी तोच, बाजारही तोच. बदलला तो पैशाचा रस्ता. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरतो, मंडळ टोळीतल्या प्रत्येकाच्या नावानं पैसे देतं. मुकादम टोळीत राहिला, पण पगाराच्या खिडकीवरून उठला.

झरियात उलटं झालं. मालक बदलला, मधला माणूस जागा बदलून राहिला. ठेका कामगार कायदा १९७० चा. १९७५ मध्ये त्याखाली अधिसूचना निघाली की कोळसा काढणं, भरणं-उतरवणं, कोळशावरची माती-दगड हटवणं अशा कामांत ठेका कामगार नकोत. तोवर सरदार-ठेकेदार वाळू पुरवठा, ट्रक वाहतूक, भंगार, बांधकाम यांत शिरला होता. खुल्या खाणी वाढल्या तसा माती हटवण्याचा ठेकाही परत आला, फक्त निविदेत आता 'अवजड यंत्रं भाड्यानं घेणे' असं लिहितात. यंत्र भाड्याचं, चालक त्याच्यासोबत आलेला. त्यामुळे त्या चालकाचा पगार कायम कामगाराच्या राष्ट्रीय कोळसा वेतन करारात येत नाही. तो करार १९७५ पासून दर काही वर्षांनी होतो आणि तो करणारी समिती कोळसा कंपन्या आणि केंद्रीय संघटना यांच्या प्रतिनिधींची मिळून असते. एकाच खाणीत दोन दर का, याचं उत्तर इथे आहे.

फलकावर 'माफिया' शब्द टाकायचा मोह होईल. टाळा. तो शब्द लिहिला की कुणाचा तरी फोटो आणि बंदुका डोळ्यासमोर येतात आणि यंत्रणा दिसेनाशी होते. भरती करणारा, कर्ज देणारा, धौड्यातली खोली देणारा आणि युनियनची पावती फाडणारा एकच माणूस असेल तर निवडणुकीत मत कुठे जाईल, एवढा प्रश्न फलकावर विचारा. (धौडा म्हणजे खाणीवरची मजुरांची चाळ.)

---

तलावपाळी

सगळ्यांचे आभार. दोन शंका उरल्या. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी 'बी फॉर्म'मध्ये खोटी नावं घुसली असा उल्लेख वाचला, ते नेमकं काय? आणि याच मजुरांच्या राजकारणातून झारखंड पक्ष निघाला हे म्हणणं कितपत बरोबर?

---

दामोदरकाठ

बी फॉर्म म्हणजे खाण कायद्याखालची कामगारांची नोंदवही. नाव, वडिलांचं नाव, गाव, वय, कामावर लागल्याची तारीख, सही नाहीतर अंगठा. ताबा घेताना सरकारनं कामगार कोण हे ठरवलं ते मुख्यतः अशा वह्यांवरून. पण ठेकेदाराची माणसं मालकाच्या वहीत अनेकदा नव्हतीच. ताबा येणार याची कुणकुण लागली तशी काही वह्या नव्यानं लिहिल्या गेल्या. वही लिहिणारा मुंशी आणि लिहून घेणारा सरदार, दोघांकडे द्यायला नोकऱ्या होत्या. बाहेरच्या जिल्ह्यांतल्या नातलगांची नावं आत, वर्षानुवर्षं टब भरलेले संथाळ, बाउरी, महतो हे स्थानिक मजूर बाहेर. बायका तर आणखी सहज बाहेर, कारण त्यांचा टब नवऱ्याच्या नावावर मोजलेला. अंगठ्याचा ठसा कोण कुणाशी ताडून बघणार?

यातून जे राजकारण उठलं त्यात तीन माणसं एकत्र आली. ए. के. रॉय, सिंदरीच्या खत कारखान्यातले रसायन अभियंता, नंतर कोळसा कामगारांचे डावे नेते. १९७७ मध्ये तुरुंगातूनच धनबादचे खासदार झाले, १९८० आणि १९८९ मध्ये पुन्हा. विनोद बिहारी महतो, धनबादचे वकील. आणि शिबू सोरेन, सावकारांनी बळकावलेल्या शेतातलं पीक परत घेण्याच्या आंदोलनातले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिघांनी मिळून झारखंड मुक्ती मोर्चा उभा केला. म्हणून 'कामगार राजकारणातून पक्ष निघाला' हे अर्धं बरोबर. स्वतंत्र झारखंडाची मागणी त्याहून जुनी. नवीन होती ती लाल झेंडा आणि शेतकरी-आदिवासी यांची मोट, आणि ती फार काळ टिकली नाही. राज्य झालं १५ नोव्हेंबर २००० ला.

जाता जाता: महतोंनी मोर्चाच्या आधी कुडमी समाजात सुधारणेसाठी जी संघटना काढली तिचं नाव 'शिवाजी समाज'. मुलांना हे सांगा, फलक आपोआप वाचतील.

---

उत्तनचा वारा

महाराष्ट्राचा धागा विचारलात आणि सगळे वरोऱ्यालाच थांबले. आयटकचं (ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस, कामगार संघटनांचा देशव्यापी महासंघ) पहिलं अधिवेशन १९२० साली मुंबईत, अध्यक्ष लाला लजपतराय. दुसरं ३० नोव्हेंबर ते २ डिसेंबर १९२१ ला थेट झरियात, आणि अध्यक्ष काका बाप्टिस्टा. टिळकांचे सहकारी, पुढे १९२५ मध्ये मुंबईचे महापौर. राहायचे माझगावला, पण घराणं उत्तनचं, म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं. खाणमालकांचा त्या अधिवेशनाला कडवा विरोध होता. स्वामी विश्वानंदांनी खाणमजुरांत आधीच जोर धरला होता आणि मालकांना भीती होती ती काम बंद पडण्याची. त्या अधिवेशनात स्वराज्याच्या बाजूनं ठराव झाला. १९२८ चं अधिवेशनही झरियातच. पुढच्या वर्षी नागपूरला फूट पडली आणि कामगार नेते ना. म. जोशी बाहेर पडले. तेच जोशी त्या सुमारास कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगावर सदस्य होते. रायगडमधल्या गोरेगावचे.

बाप्टिस्टा फलक १ मध्ये कोंबू नका. चौथा फलक दुर्घटनांचा आहे त्यातला मजकूर कमी करून जागा काढा, किंवा पाचवा करा.

---

तलावपाळी

पाचवा करतोय. फलक ३ नव्यानं:

"कोकिंग कोळशाच्या २१४ खाणी १ मे १९७२ ला आणि इतर ७११ खाणी १ मे १९७३ ला सरकारच्या मालकीच्या झाल्या. टाटांच्या पोलाद कारखान्याच्या खाणी वगळल्या. चंद्रपूर-वणीच्या खाणी दुसऱ्या फेरीतल्या. कायम कामगारांचं वेतन देशभर एका करारानं ठरू लागलं. वहीत नाव नसलेले कामगार मात्र बाहेर राहिले आणि ठेकेदार कोळशावरून माती, वाळू आणि ट्रककडे सरकला. तुमच्या टोळीचे पैसे मंडळातून येतात. यांचे कुणाकडून येत होते?"

---

टोळी क्रमांक

चांगलं झालंय. दोन किरकोळ गोष्टी. 'ठेकेदार सरकला' याच्याआधी 'बराचसा' टाका, कारण लोडिंगमध्येही तो पूर्ण गेला नव्हता. आणि शेवटच्या प्रश्नाखाली दोन इंच जागा रिकामी सोडा, पेन दोरीनं बांधून ठेवा. अभ्यासिकेतल्या निम्म्या पोरांचे वडील टोळीत आहेत, ते लिहून जातील.

---

वर्धाखोरं

फ्लेक्स छापायला टाकण्याआधी 'कोकिंग' शब्दाला एक ओळ द्या: हवा न लागू देता तापवला की वितळून घट्ट, सच्छिद्र ढेकूळ बनणारा कोळसा, पोलादाच्या भट्टीत तोच लागतो. नाहीतर दोन फेऱ्यांचं कारण फलकावर असूनही कळणार नाही. आणि धोरीचं नाव नकाशावर दाखवणार असाल तर धनबादच्या पश्चिमेला, बेरमोजवळ टिंब द्या.